जुन्या हवाई फोटोंमधून क्षेपणास्त्र तळाचं बांधकाम कसं वाचायचं

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या पुढे एका रेडीमिक्स काँक्रीट प्लांटवर मी डिस्पॅच बघतो. कुठला मिक्सर किती वाजता सुटला, साइटवर कधी पोहोचला, रिकामा होऊन कधी परत आला, हे लिहून ठेवणं माझं रोजचं काम. तीन वर्षांपूर्वी एका रात्री अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा एक जुना हवाई फोटो समोर आला. गव्हाच्या शेतात मधोमध गोल खड्डा, शेजारी पांढरट ढिगांची रांग, आणि मोठ्या रस्त्यापासून तिथपर्यंत नवीन फोडलेला कच्चा रस्ता. फोटोखाली लिहिलं होतं, 'क्षेपणास्त्र तळ'. मला तर त्यात एक चालू साइटच दिसत होती. खडी कुठे उतरवली असेल, गाड्या वळवायला जागा कुठे ठेवली असेल, पावसात कुठला रस्ता बसला असेल, हे सगळं त्या काळ्यापांढऱ्या चौकटीत होतं.

त्या रात्रीपासून हा नाद लागला. सुरुवातीचे सात-आठ महिने मात्र चुकीच्या गोष्टींत गेले. चुकीचे फोटो उतरवले, चुकीच्या तारखा धरल्या, ढिगाला खड्डा समजलो. या विषयावर मराठीत सलग लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून हा लेख. इतिहास, भूगोल किंवा सिव्हिलचे विद्यार्थी असाल, किंवा नुसतंच कुतूहल असेल, तरी या क्रमाने गेलात तर ते सात-आठ महिने वाचतील.

सुरुवातीच्या आधी: कशाला हात लावायचा नाही

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

आपल्या देशातल्या चालू संरक्षण ठिकाणांवर ही पद्धत वापरायची नाही. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ सालचा आहे आणि आजही लागू आहे. त्यात 'प्रतिबंधित जागा' अशी स्वतंत्र व्याख्या आहे, आणि अशा जागेचा आराखडा, रेखाटन किंवा फोटो बनवण्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीचे नियम बरेच सैल केले. म्हणून आता सगळं मोकळं झालं, असं काही जण समजतात. ते खरं नाही. संवेदनशील ठिकाणांची बंधनं त्या नियमांतही ठेवलेली आहेत.

ड्रोनचा तर विचारही नको. या अभ्यासाला ड्रोन लागतच नाही, आणि उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय तो उडवताही येत नाही.

परदेशातल्या चालू तळांच्या ताज्या फोटोंवर खुणा करून ते पसरवणंही मी टाळतो. शिकायला लागतं ते सगळं पन्नास-साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या तळांवर मिळतं, आणि तिथे तुमचं उत्तर बरोबर आलं की चूक हे तपासायला उघड कागदपत्रं असतात. ताज्या फोटोवर ती सोय नाही.

१. तळ निवडा: बंद पडलेला आणि कागदपत्रं खुली झालेला

नवख्याने अमेरिकेतले शीतयुद्धातले तळ घ्यावेत. सपाट जमीन, भरपूर फोटो, आणि बांधणाऱ्या खात्याने स्वतः लिहून ठेवलेले बांधकामाचे इतिहास. तीन प्रकार ओळखून ठेवा, कारण तिन्हींची साइट वेगळी दिसते.

ॲटलास-एफ: एका विहिरीत (क्षेपणास्त्र उभं ठेवायचा जमिनीतला खोल काँक्रीटचा खड्डा, म्हणजे सायलो) एक क्षेपणास्त्र. विहीर १७४ फूट खोल आणि ५२ फूट व्यासाची. एकूण ७२ विहिरी, सहा हवाई तळांभोवती प्रत्येकी बारा. कॅन्ससमधलं सलायना आणि नेब्रास्कातलं लिंकन त्यांत येतात. १९६२ मध्ये सज्ज झाल्या, १९६५ मध्ये बंद.

टायटन-२: एकूण ५४ विहिरी, तीन तळांभोवती प्रत्येकी अठरा. ॲरिझोनात टूसॉनच्या दक्षिणेला त्यातली एक संग्रहालय म्हणून जपली आहे. तिचं झाकणच ७६० टनांचं आहे.

मिनिटमन: हा प्रकार आकाराने सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त वेळा बांधलेला. विहीर सुमारे ८० फूट खोल आणि १२ फूट व्यासाची, पण संख्या १०००. मोंटाना राज्यातल्या पहिल्या १५० विहिरींचं काम मार्च १९६१ मध्ये सुरू झालं आणि पहिली काही क्षेपणास्त्रं क्युबा संकटाच्या ऐन दिवसांत, ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस सज्ज झाली.

माझा सल्ला ॲटलास-एफचा. विहीर मोठी, ढीग मोठे, आणि बारा साइट एकाच वेळी चालू असल्यामुळे एका फोटोत काम अर्धवट दिसलं तर दुसऱ्यात पुढची पायरी मिळू शकते. मिनिटमन दुसऱ्या वर्षी घ्या. साउथ डकोटातल्या एल्सवर्थ तळाच्या १५० विहिरी एवढ्या मोठ्या मुलखावर विखुरल्या होत्या की त्यात आपले चार कोल्हापूर जिल्हे बसतील. तिथे एकेका खड्ड्यापेक्षा त्यांना जोडणारे रस्तेच जास्त बोलतात.

२. काय काय लागेल

- आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि चाकाचा माउस. टचपॅडवर हे काम होत नाही.
- क्यूजीआयएस, म्हणजे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे.
- गूगल अर्थ प्रो. २०१५ पासून फुकट. मोबाइलवरचं नको, संगणकावरचंच हवं. जुन्या तारखांची चित्रं आणि मोजपट्टी त्यात हाताशी असतात.
- अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या 'अर्थ एक्सप्लोरर' या संकेतस्थळावरचं खातं. ईमेलवर मिळतं, पैसे लागत नाहीत.
- एक्सेल किंवा तसलाच तक्ता.
- शंभर पानी वही. खरंच ठेवा. कुठल्या चौकटीत काय दिसलं ते हाताने रेखाटल्याशिवाय डोळ्यात बसत नाही.
- निवडलेल्या तळाची माहिती: विहिरीची मापं, काम सुरू झाल्याचं आणि ताब्यात दिल्याचं साल. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या ग्रंथालयात अमेरिकन अभियांत्रिकी वारशाच्या नोंदी आहेत. त्यात मिनिटमन आणि टायटन-२ च्या मोजमापांसह आकृत्या मोफत बघता येतात.

३. आधी इथली साइट वाचायला शिका

कॅन्ससचा फोटो उघडण्याआधी एक आठवडा आपल्या भागावर घालवा. गूगल अर्थ प्रोमध्ये टोप-संभापूरच्या दगडखाणी उघडा आणि वेळेची पट्टी मागे-पुढे सरकवा. मग सातारा ते कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं बघा. ही ठिकाणं तुम्ही गाडीवरून जाताना रोज बघता, म्हणजे वरून जे दिसतंय ते खाली काय आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. कुणी समजावून द्यायची गरज नाही.

वहीत एवढं उतरवा: क्रशरच्या ढिगाचा आकार वरून कसा दिसतो (पट्ट्यावरून पडलेली खडी शंकूसारखी साठते, डंपरने ओतलेली बारीक उंचवट्यांच्या ओळीत). बॅचिंग प्लांटच्या मागे खडी, कच आणि वाळूचे कप्पे कसे वेगवेगळ्या छटांचे दिसतात. डंपर रोज जातात तो कच्चा रस्ता धुळीने कसा पांढरा पडतो आणि त्याच्या कडेचा ऊस कसा करडा दिसतो. वळणावर रस्ता कसा पसरट झालेला असतो. काम संपल्यावर यातलं काय उरतं आणि किती वर्षांत गवत चढतं.

ही ओळख पक्की झाली की साठ वर्षांपूर्वीची परदेशातली साइट परकी वाटत नाही. काँक्रीट जगात कुठेही काँक्रीटच असतं. एकदा पाणी घातलं की दीड-दोन तासांत ओतावं लागतं, आणि त्यामुळे प्लांट साइटपासून फार लांब ठेवता येत नाही. हा एक नियम मला फोटोत सर्वांत जास्त उपयोगी पडला आहे. मोठी विहीर दिसली की तिच्याभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं आणि त्यात खडीचे कप्पे शोधायचे.

४. फोटो शोधा

अर्थ एक्सप्लोररवर लॉगिन करा, नकाशावर तळाच्या भागाभोवती चौकोन काढा, तारखांची मर्यादा घाला. ॲटलास-एफसाठी १९५८ ते १९६६ ठेवा. डेटाच्या यादीत दोन ठिकाणी शोधायचं.

पहिलं, 'एरियल इमेजरी' खाली 'सिंगल फ्रेम्स'. हे विमानातून घेतलेले फोटो. एक चौकट नऊ इंच बाय नऊ इंचाची. प्रमाण १:२०,००० असेल तर फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २० मीटर, आणि अख्खी चौकट म्हणजे साधारण साडेचार किलोमीटरचा चौरस.

दुसरं, 'डीक्लासिफाइड डेटा'. ही हेर-उपग्रहांची फिल्म. कोरोना उपग्रहांचे १९६० ते १९७२ मधले आठ लाखांहून जास्त फोटो १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने खुले झाले. नंतर २००२ मध्ये आणि पुढेही आणखी फिल्म खुली झाली. सोव्हिएत तळांचा अभ्यास करायचा असेल तर हाच साठा. कोणीतरी आधी स्कॅनचे पैसे भरले असतील तर तो फोटो सगळ्यांना फुकट मिळतो, नाहीतर एका दृश्याला ३० डॉलर. आधी फुकटातले सगळे बघून संपवा.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात.

तारीख. शोधाच्या निकालात घेतल्याची तारीख आणि नोंद टाकल्याची तारीख अशा वेगळ्या रकान्यांत असतात. मी पहिले दोन महिने चुकीचा रकाना धरून तक्ता भरला आणि सगळा पुन्हा करावा लागला. फिल्मच्या कडेवर छापलेली तारीख दिसत असेल तर तिच्याशी ताडून बघा.

बारकावा. १:२०,००० चा फोटो इंचाला १००० ठिपके या दराने स्कॅन केलेला असेल तर एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. त्यात डंपर दिसतो. ४०० ठिपक्यांचा असेल तर सव्वा मीटर, आणि डंपर म्हणजे नुसता डाग. तोच फोटो दोन्ही दरांत असेल तर मोठी फाइल घ्या. नऊ इंचाची काळीपांढरी चौकट १००० ठिपक्यांनी साधारण ८० एमबी होते. प्रीव्ह्यू बघून निष्कर्ष काढू नका.

अपेक्षा. काम चालू असतानाचा फोटो प्रत्येक साइटचा मिळत नाही. आधीचा एक आणि नंतरचा एक मिळाला तरी अभ्यास होतो. सुरुवातीला अशी साइट निवडा जिचे किमान तीन काळांतले फोटो हाताशी आहेत, मग मन रमतं.

५. फोटो नकाशावर बसवा

उतरवलेल्या फोटोला आपण जमिनीवर कुठे आहोत हे माहीत नसतं. विमान ज्या दिशेने उडत होतं त्या दिशेने चौकट फिरलेली असते, म्हणून उत्तर वरच्या बाजूला असेलच असं नाही. क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सरने तो आजच्या नकाशावर बसवायचा.

कॅन्सस इथे फार सोपं करून देतं. तिकडची जमीन पूर्वीच एकेका मैलाच्या चौकोनांत मोजली गेली आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडेने काढले. आपल्या करवीर तालुक्यात दोन बांध समांतर मिळणं मुश्कील. तिथे दर १६०९ मीटरवर चौरस्ता. हे चौरस्ते साठ वर्षांतही बहुतेक तिथेच आहेत, म्हणून जुन्या फोटोतला चौरस्ता आणि आजचा चौरस्ता यांची जोडी लावत जायचं.

- आठ ते दहा जोड्या घ्या, आणि चारही कोपऱ्यांत पसरलेल्या घ्या. एकाच बाजूला सगळ्या घेतल्या तर दुसरी बाजू रबरासारखी ताणली जाते.
- फोटो बसवायची पद्धत विचारली जाते, तिथे सपाट भागासाठी पहिल्या दर्जाची बहुपदी (पॉलिनॉमियल १) पुरते.
- प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम ठेवा. त्यात जग उभ्या पट्ट्यांत, म्हणजे विभागांत वाटलेलं असतं आणि मोजमाप थेट मीटरमध्ये येतं. सलायनाला विभाग १४ उत्तर, क्यूजीआयएसमध्ये निवडायचा कोड ईपीएसजी ३२६१४. मोंटानाच्या ग्रेट फॉल्सला विभाग १२. आपलं कोल्हापूर विभाग ४३ मध्ये येतं. टोपच्या सरावावरून तोच आकडा तसाच राहिला तर फोटो भलतीकडे जाऊन पडतो.
- विहिरीचं तोंड जोडी म्हणून वापरू नका. जे मोजायचं आहे त्यालाच आधार बनवलं तर मोजमापाला अर्थ उरत नाही.

कोरोनाची फिल्म मात्र अवघड. तो कॅमेरा झुलत झुलत फोटो घ्यायचा, म्हणून एक फोटो सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची अरुंद पट्टी असतो आणि कडांकडे प्रमाण बदलत जातं. अख्खी पट्टी बसवायला जाऊ नका. हवा तेवढाच तुकडा कापा, वीसेक जोड्या घ्या आणि बहुपदीऐवजी 'थिन प्लेट स्प्लाइन' ही पद्धत वापरा.

६. सावली कुठे पडली आहे ते आधी बघा

कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारी सावली उत्तरेकडे पडते. उत्तर वर ठेवून फोटो बघितला तर सावल्या वरच्या बाजूला जातात. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय असते, त्यामुळे ढीग खड्ड्यासारखे आणि खड्डे ढिगासारखे दिसायला लागतात.

मी एका साइटवर सलग पाच खड्डे मोजले आणि तिथे पाच विहिरी होत्या असं वहीत लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मामा आले होते. त्यांनी तीस वर्षं विहिरी खोदायची कामं घेतली, स्वतःची यारी होती. मी त्यांना प्रिंट दाखवली.

"मामा, हे खड्डे बघा. तुम्ही खोदता तसलेच वाटतात की नाही?"

मामांनी चष्मा वर केला, कागद उचलला आणि सरळ उलटा धरला. "आरं, ह्ये खड्डं न्हाईत, ढीग हाईत. सावली कुठं पडलीया बघ की. आनि माती कधी हिरीच्या चारी अंगाला टाकत्यात व्हय? यारी ज्या अंगाला फिरती, त्याच अंगाला पडनार ती."

कागद उलटा धरल्यावर पाचही खड्डे फुगून वर आले. खरा खड्डा एकच होता, ढिगांच्या दुसऱ्या बाजूला, आणि मी त्याला पाण्याचं तळं समजून सोडून दिलं होतं.

तेव्हापासून फोटो वाचताना मी तो असा फिरवतो की सावली माझ्याकडे येईल. मोजमाप संपल्यावर पुन्हा उत्तर वर.

सावलीचा दुसरा उपयोग उंचीसाठी. सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता हे तारीख, वेळ आणि अक्षांशावरून काढता येतं. सावलीची लांबी गुणिले त्या कोनाचं टॅन म्हणजे उंची. सूर्य ५० अंशांवर आणि क्रेनची सावली २० मीटर असेल तर क्रेन साधारण २४ मीटर उंच. वेळ माहीत नसेल तर त्याच फोटोतली उंची ठाऊक असलेली एखादी वस्तू घ्या आणि त्रैराशिक मांडा. जमीन उताराची असेल तर हा हिशेब सोडून द्या.

७. कामाचा क्रम वाचा

आता मुख्य काम. तळ कितीही गुप्त असला तरी तो बांधायला माती बाहेर काढावी लागते, खडी-सिमेंट-लोखंड आत न्यावं लागतं आणि माणसांना राहायला जागा लागते. या तीन गोष्टींच्या खुणा जमिनीवर राहतातच.

पहिल्यांदा रस्ता बघा. शेतातल्या बैलगाडीच्या वाटेला काटकोनी वळण चालतं. लांब ट्रेलर येणार असेल तर वळणाची त्रिज्या मोठी करावी लागते. म्हणून चौरस्त्याचा एखादा कोपरा अचानक गोलसर कापलेला दिसला तर तिथे खूण करा. मोठं काहीतरी तिथून वळलं आहे.

मग खोदाई. ॲटलास-एफसारख्या मोठ्या विहिरींना आधी वरून रुंद उघडी खोदाई करायचे आणि तिच्या तळातून सरळ खाली विहीर न्यायचे. आपल्याकडेही मुरूम लागेपर्यंत विहिरीचं तोंड रुंद ठेवतात, तसंच. त्यामुळे सुरुवातीच्या फोटोत दिसणारा खड्डा ५२ फुटांपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि त्यात उतरायला एका बाजूने उताराचा रस्ता असतो. हा उतार सापडला की गाड्या कुठून आत-बाहेर जात होत्या ते कळतं. नंतरच्या फोटोत भराव घालून जमीन सपाट झालेली असते आणि खड्डा जणू लहान झालेला वाटतो. नवखे इथे गोंधळतात आणि दोन वेगळ्या साइट समजतात. दोन्ही फोटोंत रस्त्याचं टोक एकच आहे का ते बघा.

मग काँक्रीट. खडीचे कप्पे, पाण्याचं तळं, प्लांटची उंच सावली. बारा विहिरींना एकच प्लांट की प्रत्येकीला वेगळा, हे वरच्या दीड-दोन तासांच्या नियमाने पडताळा.

शेवटी साठवणूक आणि माणसं. सळईच्या थप्प्या, पत्र्याच्या शेड, गाड्यांच्या रांगा, फिरत्या घरांच्या ओळी. मिनिटमनच्या साइटवर या गोष्टी कमी दिसतात, कारण विहिरीचं पोलादी अस्तर बाहेर तयार करून ट्रकवरून आणायचे. तिथे साइट लहान आणि रस्त्यावरची वर्दळ मोठी.

क्युबाचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. १४ ऑक्टोबर १९६२ रोजी मेजर रिचर्ड हायझर यांनी यू-२ या अमेरिकन हेर-विमानातून घेतलेल्या फोटोंत सॅन क्रिस्टोबलजवळ आर-१२ या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा तळ दिसला. ती क्षेपणास्त्रं फिरत्या सरंजामातली. ट्रेलर, तंबू, उभारणीचे सांगाडे, आणि बांधकाम अगदी थोडं. त्यामुळे तो तळ काही दिवसांत उभा राहत होता. ग्वानाहाय आणि रेमेदिओस इथले आर-१४ चे तळ मात्र पक्क्या काँक्रीटचे, म्हणून ते मागे पडले होते. ती क्षेपणास्त्रं क्युबात कधी पोहोचलीच नाहीत. जहाजं वाटेतून परत फिरली. त्या क्षेपणास्त्रांचा एकही फोटो नसताना विश्लेषकांनी त्यांचे तळ ओळखले ते बांधकामावरून.

तेच फोटो बघून राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांना मात्र शेत साफ केल्यासारखं किंवा घराच्या तळघराची खोदाई असल्यासारखं वाटलं होतं. तुम्हाला पहिल्या दहा फोटोंत काही दिसलं नाही तर निराश होऊ नका.

सोव्हिएत तळांसाठी रस्त्याऐवजी रेल्वे धरा, कारण त्यांची क्षेपणास्त्रं रेल्वेने हलायची. १९५७ मध्ये यू-२ च्या वैमानिकांनी मध्य आशियात रुळांचा माग काढत जाऊन त्युराताम हे प्रक्षेपण केंद्र शोधलं. आज ते बायकोनूर नावाने सगळ्यांना माहीत आहे. मुख्य मार्गातून फुटलेला, गाव नाही, कारखाना नाही अशा माळरानात संपणारा फाटा सापडला की तिथे थांबायचं.

८. मातीचा हिशेब ब्रासमध्ये मांडा

मीटरमध्ये आकडा कळतो, पण ब्रासमध्ये तो डोळ्यासमोर येतो. ॲटलास-एफची विहीर घ्या. त्रिज्या २६ फूट, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २१२४ चौरस फूट. गुणिले १७४ फूट खोली, म्हणजे सुमारे ३ लाख ७० हजार घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून जवळपास ३७०० ब्रास.

खोदलेली माती फुगते. पंचवीस टक्के धरले तर साधारण ४६०० ब्रास. पाच ब्रासच्या डंपरला नऊशेहून जास्त खेपा. आणि यात भिंतीची जाडी आणि वरची उघडी खोदाई धरलेलीच नाही. म्हणजे हा आकडा कमीत कमी आहे, असं तक्त्यात स्पष्ट लिहा.

आता फोटोतले ढीग मोजा. लांबी, रुंदी, सावलीवरून उंची. ढिगांचं माप हिशेबापेक्षा बरंच कमी येत असेल तर माती भरावात गेली किंवा बाहेर नेली. बाहेर नेली असेल तर रस्ता त्या बाजूला पांढरा पडलेला दिसेल. हा ताळा जुळला की होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. एकदा करून बघा.

९. तक्ता भरा, पण तीन रंगांत

प्रत्येक फोटोला एक ओळ: तारीख, चौकटीचा क्रमांक, प्रमाण, काय दिसलं, त्यावरून काय समजलं. 'दिसलं' आणि 'समजलं' हे रकाने वेगळेच हवेत. 'गोल, गडद, व्यास अमुक' हे दिसलं. 'विहिरीचं तोंड' हे समजलं.

मग रंग. हिरवा, कागदपत्रांशी जुळलेलं. पिवळा, दोन वेगळ्या फोटोंत दिसलेलं. लाल, एकाच फोटोवरचा अंदाज. लाल ओळीवरून कुणाला काही सांगायचं नाही.

गोल दिसलं की विहीर, ही घाई सर्वांत धोक्याची. कॅन्ससच्या शेतात धान्याच्या टाक्या गोल, जनावरांची पाण्याची टाकी गोल, आणि नंतरच्या काळातल्या फोटोंत फिरत्या सिंचनाची अख्खी शेतंच्या शेतं गोल. आकारावर जाऊ नका. रस्ता, ढीग आणि कुंपण यांपैकी किमान दोन गोष्टी सोबत असल्याशिवाय पिवळा रंगसुद्धा देऊ नका.

चीनमधलं २०२१ चं प्रकरण इथे आठवा. गान्सू प्रांतात युमेनजवळच्या वाळवंटात सुमारे १२० विहिरींचं क्षेत्र अमेरिकन संशोधकांनी व्यावसायिक उपग्रहचित्रांवरून ओळखलं. बऱ्याच खड्ड्यांवर घुमटासारखी आच्छादनं होती, आतलं काही दिसत नव्हतं. पण सुमारे तीन-तीन किलोमीटरच्या अंतरावर तेच आच्छादन, तसाच रस्ता आणि तसेच चर पुन्हा पुन्हा दिसत होते. एकट्या घुमटावरून कुणी काही म्हणू शकलं नसतं.

आणखी एक. ॲटलास-एफच्या बऱ्याच विहिरी आता खाजगी लोकांच्या मालकीच्या आहेत, काहींनी तिथे घरंही केली आहेत. तुमच्या लेखात आजच्या मालकाचं नाव किंवा पत्ता येता कामा नये.

१०. कुणाला तरी कोरा फोटो दाखवा

आपल्या खुणा, बाण आणि नावं असलेला फोटो दाखवला तर समोरचा माणूस तेच बघतो जे आपण लिहिलंय. म्हणून एक प्रत कोरी ठेवा. ती बांधकाम पाहिलेल्या माणसाला दाखवा: गवंडी, पोकलेनचा ऑपरेटर, सेंट्रिंगवाला, विहिरी खोदणारा. क्षेपणास्त्राचं नाव काढू नका. एवढंच विचारा, "इथे काय काम चाललंय, आणि गाड्या कुठून येत असतील?" ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, मध्ये तोंड घालू नका, आणि घरी आल्यावर तक्त्यातल्या लाल ओळींशेजारी ते ठेवून बघा.

माझ्या प्लांटवरच्या एका मिक्सर ड्रायव्हरने अशीच एक प्रिंट दोन मिनिटं न्याहाळली आणि बोट ठेवलं ते कडेच्या एका रिकाम्या पट्ट्यावर. मी तिथे काहीच लिहिलं नव्हतं. "इथं ड्रम धुतात," तो म्हणाला.